न मागवता आलेला कागद

आज सकाळी तुमच्या वर्तमानपत्रातून हा कागद खाली पडला, तेव्हा तो आत कोणी घातला, असा प्रश्न तुमच्या मनात आला का?

वर्तमानपत्र तुम्ही मागवलं होतं. हा कागद मागवला नव्हता. तरी तो दारातून आत आला, चहाच्या कपाशेजारी पसरला आणि आता तुमच्या हातात आहे. वाचकहो, तुमच्यासाठी एवढाच प्रश्न. शेवटी एक विनंती आहे. मधलं सगळं माझं सुगुणाक्काशी बोलणं आहे. ती गेल्या आठवड्यात गेली. ऐकायचं असेल तर बसा.

अक्का, हा प्रश्न तुला आवडला असता. तू म्हणाली असतीस, "आता कुठं नीट विचारलीस. एवढे दिवस नुसती वरडत होतीस."

तुझी-माझी ओळखच कागदावरून झालेल्या भांडणातली. बाबांचा छापखाना म्हणजे घराची पुढची खोली. नळाला पाणी नाही, शाळेला मास्तर नाही, कारखान्यातून माणसं काढली, असं काहीही झालं की लोक बाबांकडे यायचे आणि बाबा पत्रक काढायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या बिघडलेल्या प्रतींवर. काना-मात्रेच्या आधी मला उद्गारचिन्ह काढता येत होतं. त्यात नाव ज्वाला. घरच्यांची माझ्याकडून काय अपेक्षा होती ते उघडच आहे.

आणि एक दिवस तू आलीस. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत गढूळ पाण्याची बाटली. ती टेबलावर ठेवत म्हणालीस, "हिला हात लावू नका बरं का. नाल्याचं पाणी हाय." बाबांनी खुर्ची मागे सरकवली. तू कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचीस. घर सोलापूरच्या पूर्व भागात, माहेर विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही. तुला पत्रक काढायचं होतं: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. बाबा लगेच तयार झाले. मग तू म्हणालीस, "मागची बाजू मात्र कोरी ठेवा."

"कोरी? का?"

"ज्याला पटणार नाही त्यानं लिहायचं कुठं?"

"त्याने स्वतःचं पत्रक काढावं."

"सगळ्यांच्या घरात छापखाना नसतो की ओ."

बाबांना राग आला, आणि मला तर बाबांहून जास्त आला. पत्रक म्हणजे काय, तर आम्ही बोलणार आणि तुम्ही जागे होणार. त्याला मागची बाजू कशाला? त्या दिवशी तू हरलीस. मागच्या बाजूला बाबांनी ठळक अक्षरांत घोषणा छापल्या. तू फक्त माझ्याकडे बघून म्हणालीस, "ही पोरगी प्रयोगशाळेत पाठवा माझ्याकडं. हिला जरा भोकं दाखवते."

ती भोकं मी कशी विसरेन? काचेच्या ताटलीत जीवाणूंची पातळ साय धरली होती आणि सायीला जागोजागी स्वच्छ, गोल भोकं पडली होती. मी वाकून बघायला लागले तेव्हा तू दोन्ही भाषांत ओरडलीस, "एमे ज्वाला, त्या बर्नरपासून लांब बस. दोघी एकदम पेटाल." मग सांगितलंस. जीवाणूंनाही रोग होतो. त्यांनाही विषाणू गाठतात. त्या विषाणूंना फाज म्हणतात. डोकं आणि शेपूट, एवढाच जीव. डोक्यात जनुकं, शेपटीने जीवाणूला चिकटायचं, जनुकं आत सोडायची, आत शेकडो पिल्लं तयार करायची आणि जीवाणू फोडून बाहेर पडायचं. प्रत्येक भोकाच्या जागी असंख्य जीवाणू मेलेले. "जुन्या चादरीला कसर लागती ना, तसं," तू म्हणालीस.

मी पेटलेच. अँटिबायोटिक चालत नाहीत म्हणून माणसं मरतात, आणि जीवाणूंचा शत्रू आपल्याच नाल्यात फुकट पोहतोय? मी तिथल्या तिथे मथळा रचला: "नाल्यातला तारणहार!"

तू इतकी हसलीस की चष्मा काढून पुसावा लागला. "तारणहार नको म्हणूस. हमाल म्हण."

मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते मल्लूकाकांमुळे.

मल्लूकाका आमच्या भागात सायकलवरून पेपर टाकतात. मूळचे मंगळवेढ्याकडचे. पहाटे फुटपाथवर पोतं अंथरून गठ्ठे सोडतात आणि प्रत्येक अंकात पुरवणी आणि जाहिरातींचे कागद सरकवत जातात. आपलं अँटिबायोटिकचं पत्रक त्यांनीच घरोघर पोचवलं. आणि दुपारपासून बाबांचा फोन थांबेना. एक निवृत्त गुरुजी तर चिडूनच बोलले, "तुमची एक भूमिका ठरवा. गोळ्या खायच्या का नाही खायच्या?" आपल्या पत्रकाच्या घडीत दुसराच कागद निघाला होता. त्यावर लिहिलं होतं, कसलाही ताप असू द्या, एका गोळीत साफ! दोन्ही कागद पिवळे, दोन्हींची घडी सारखी, पोत्यावर दोन्ही गठ्ठे शेजारी. भराभर हात चालवताना एक कागद दुसऱ्याच्या पोटात गेला होता.

मी मल्लूकाकांशी भांडायला निघाले. तू म्हणालीस, मीही येते.

"काका, वाचून तरी बघायचं!"

"समदं वाचत बसू व्हय, ताई? पेपर पडायचा कवा मग? मी पेपर टाकतो. वाचत न्हाय."

आणि तू, अक्का, भर रस्त्यात टाळी वाजवलीस. "ऐकलीस? हेच! माझा फाज हेच म्हणतो!"

मल्लूकाका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाईंचं डोस्कं बरं हाय न्हवं?"

तू तिथेच पोत्यावर बसलीस. एक अंक उचललास, त्यातला कागद काढलास, परत घातलास. जीवाणूच्या आत फाजची पिल्लं तयार होतात तेव्हा असंच काम चाललेलं असतं, म्हणालीस. रिकामी डोकी तयार असतात आणि त्यात जनुकं भरायची असतात. भरायची फाजची स्वतःची. पण घाई फार. शेजारीच त्या जीवाणूची तुकडे झालेली जनुकं पडलेली असतात. एखाद्या डोक्यात चुकून तीच भरली जातात. फाज वाचत नाही. पुढच्या जीवाणूला चिकटतो आणि डोक्यात जे असेल ते आत सोडतो. "आणि मजा काय माहितीये? हा दुसरा जीवाणू मरत नाही. त्या डोक्यात फाज नसतोच ना! त्याला फुकटची भेट मिळती. अँटिबायोटिकला पुरून उरायची विद्या असली त्या तुकड्यात, तर तीच मिळायची. त्यानं कधी ते औषध बघितलेलं नसलं तरी."

मल्लूकाकांनी मान डोलावली. "म्हंजी चूक माझी न्हाय. निसर्गाचीच हाय."

"चूक हाय हो," तू म्हणालीस. "पण सगळीच चूक नसती."

ती दुसरी गोष्ट तू परत येताना, रिक्षात सांगितलीस, आणि माझ्या मनाला लागली ती हीच. काही जनुकांची बेटं असतात. जीवाणूच्या जनुकांत ती पिढ्यान् पिढ्या गप्प बसून राहतात. फाज आत शिरला की ती जागी होतात आणि त्याचंच भरणं बिघडवतात. फाजच्या डोक्यात फाजऐवजी स्वतः बसतात. काही बेटं तर डोकंही स्वतःचं तयार करतात, फक्त शेपूट फाजची पळवतात. आणि कोणत्या जीवाणूच्या घरात शिरायचं हे ठरतं शेपटीवर. ज्याची शेपूट मिळेल त्याच्या ओळखीच्या दारात जायचं. आज या जातीच्या जीवाणूत, उद्या त्या जातीच्या.

"म्हणजे कागद आपला, सायकल मल्लूकाकांची," मी म्हणाले.

"आणि उद्या दुसऱ्या कुणाची तरी. आता कळलं तुला."

कळलं होतं, म्हणून तर मी अस्वस्थ झाले. मला शत्रू हवा होता. पत्रकाला शत्रू लागतोच. तू मला असा जीव दिलास जो मारतोही आणि मारलेल्याचं शहाणपण शेजारच्याच्या घरी पोचवतोही. याच्याविरुद्ध घोषणा काय लिहायची? मी म्हणाले, "अक्का, तू माणसाला लढू देत नाहीस." तू म्हणालीस, "लढ की. पण कुणाशी लढतीस ते बघून लढ."

त्यानंतर आपण या एका गोष्टीवर किती भांडलो. तुझ्या स्वयंपाकघरात, चहात कडक भाकरी चुरत. कॉलेजच्या पायऱ्यांवर. यंत्रमागाच्या खडखडाटात, तुझ्या भावाच्या कारखान्यात, जिथे एकमेकींचं ऐकू येण्यासाठी ओरडावंच लागायचं आणि तू म्हणायचीस, "ही जागा तुझ्यासाठी बरी हाय." मी प्रत्येक वाक्य पूर्णविरामाने बंद करायचे, आणि तू ते "पण" घालून उघडायचीस. मला वाटायचं हे असंच चालणार. तू निवृत्त झालीस, तरी कॉलेजने प्रयोगशाळेतलं एक टेबल आणि फ्रिजमधला एक कप्पा तुला ठेवू दिला होता. तिथे तुझ्या बाटल्या होत्या. शहरातल्या वेगवेगळ्या नाल्यांतून वेगळे केलेले फाज.

मग तुझ्या पायाला ती जखम झाली. साखरेचा त्रास तुला आधीपासून. चपलेने कापलं, तू हसण्यावारी नेलंस, आणि बघता बघता पाय काळा पडला. रुग्णालयात तपासणी झाली. तुझ्या जखमेतल्या जीवाणूला कोणकोणतं औषध लागू पडतं, ते बघितलं. एकही धड लागू पडेना. डॉक्टर तुला ते सांगायला कचरत होते आणि तू बिछान्यातून त्यांनाच विचारत होतीस, "एवढं सगळं कुठं शिकला असंल हो हा?" जणू वर्गातला हुशार मुलगा.

मी थांबणारी नव्हते. तुझी जुनी विद्यार्थिनी आता त्याच कॉलेजात शिकवते. तिने तो जीवाणू ताटलीत वाढवला आणि त्यावर तुझ्या बाटल्यांतला एकेक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी मी ती ताटली पाहिली. एका थेंबाखाली साय पूर्ण गेली होती. स्वच्छ. आरपार. तुला मारणाऱ्याला मारणारा सोलापुरातच होता, तुझ्याच फ्रिजमध्ये, तू स्वतः नाल्यातून काढलेला. मी त्याचा फोटो काढला आणि पळत आले.

तू फोन डोळ्यांजवळ धरलास. तुझा चेहरा उजळला. "किती स्वच्छ आलंय बघ!" म्हणालीस. मग फोन मला परत दिलास. "नाही."

"नाही म्हणजे?"

"ताटलीत मारतो. माझ्यात काय करंल, माहीत नाही. हा कुठली कुठली ओझी उचलतो ते कुणी बघितलंय? मी बघितलं नाही. माझ्याकडं तेवढी सोय नव्हती."

"तू मरशील, अक्का."

"मरीन. पण या वॉर्डात बाकीची माणसं हायत की. माझ्यातला हा जीवाणू काय काय शिकलाय ते तू ऐकलंस. त्याची विद्या उचलून हा फाज पलीकडच्या खाटेवर गेला तर?"

"जाईलच असं कुठे आहे?"

"नाही जाणार कदाचित. मला माहीत नाही. तेच सांगतीये."

नीट तपासलेल्या फाजला तुझी ना नव्हती. काही मोजक्या ठिकाणी डॉक्टर तसे फाज वापरतात, हे मला तूच शिकवलं होतंस. डॉक्टरांनी एका ठिकाणी विचारणाही केली. त्याचं उत्तर यायचं होतं. मी तुझ्या खाटेशेजारी बसून पत्रक लिहिलं. त्याशिवाय मला दुसरं काय येतं? "फाज द्या! जीव वाचवा!" ते मी तुला वाचून दाखवलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि पेन मागितलंस. "फाज रुग्णाला वाचवू शकतो" या वाक्यापुढचा माझा पूर्णविराम खोडलास आणि त्या जागी लिहिलंस: पण. एवढ्यात ड्रेसिंग करायला सिस्टर आल्या. "नंतर," तू म्हणालीस.

उत्तर यायच्या आधी तू गेलीस.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, अक्का. हे इथे छापूनच सांगते. तुझ्या तत्त्वाने तुझा जीव घेतला असं मला वाटतं. तो थेंब चालला असता असं मला वाटतं. आणि तू बरोबर असशील ही शक्यता मला तुझ्यावर रागावूही देत नाही. ज्या दिवशी मी तत्त्वासाठी एखादी गोष्ट नाकारली, त्या दिवशी बाबांनी माझी पाठ थोपटली. तू नाकारलीस तेव्हा मी वॉर्डच्या जिन्यात बसून रडले. एकच गोष्ट स्वतः केली तर ताठ मान, आणि आपल्या माणसाने केली तर पायाखालची जमीन जाते, हे मला कुठल्या पत्रकाने सांगितलं नव्हतं.

परवा कॉलेजात गेले होते. तुझा कप्पा रिकामा करायचा होता. तुझ्या विद्यार्थिनीने विचारलं, "बाटल्यांचं काय करू?" मला वाटलं होतं, मी म्हणेन ठेव. तिने ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायच्या भांड्याचं, झाकण उघडलं. तूच शिकवलेला नियम: ज्याची जबाबदारी घ्यायला कोणी नाही, असं काही जिवंत ठेवायचं नाही. बाटल्या आत गेल्या. वाफ धरली. तुला वाचवू शकला असता तोही त्यांत होता. आम्ही दोघी त्या वाफेचा आवाज ऐकत उभ्या राहिलो. मग ती वर्गावर गेली. मी तिथल्या उंच स्टुलावर बसून राहिले, बर्नरच्या अगदी जवळ, आणि लांब बस म्हणणारं कोणी नव्हतं.

घरी आले. माझी सगळी वाक्यं आता पूर्णविरामाने संपतात. बाबा माझ्याशी सहमत असतात. मित्रमंडळी टाळ्या वाजवतात. तुझ्या घरी कुलूप आहे. अक्का, एवढ्या लोकांनी हो म्हणूनही माणूस इतकं एकटं पडतं?

पण त्यातही एक गोष्ट तुझ्यामुळे माझ्याजवळ आहे. आधी मला वाटायचं, विचार खरा असला की पुरे, तो आपोआप पोचतो. आता मला दिसतं की खरं-खोटं, दोन्ही त्याच सायकलवरून जातं आणि सायकलवाला वाचत नाही. म्हणून वाचायचं काम दारात उभ्या असलेल्याचं. तू मला ओरडायला मनाई कधीच केली नाहीस. फक्त ऐकणाऱ्यालाही तोंड आहे, हे तू मला विसरू दिलं नाहीस.

काल बाबांनी तू खोडलेला पत्रकाचा मसुदा हातात धरून विचारलं, "हे ‘पण’ काढू का? पुढं काहीच नाही. लोकांना वाटंल, छापताना वाक्य गळालं."

मी म्हणाले, ठेवा.

"आणि पुढं काय घालू?"

तू काय लिहिणार होतीस, ते मला थोडंफार ठाऊक आहे. वर सगळं तेच सांगितलंय. पण तुझं वाक्य मी पुरं करणार नाही. माझ्या हाताने ते पुरं झालं की त्याचा पुन्हा पूर्णविरामच होईल. बाबांनी तो कागद उलटून पाहिला. मग तुझं पहिलं पत्रक आठवून असेल, त्यांनी स्वतःच म्हटलं, "मागचं पान कोरं सोडतो."

तू जिंकलीस, अक्का. हे बघायला तू हवी होतीस.

वाचकहो, आता विनंती. हा कागद उलटा. मागच्या पानावर सगळ्यात वर एक वाक्य आहे: "फाज रुग्णाला वाचवू शकतो, पण". ते "पण" अक्काच्या अक्षरात आहे, जसं तिने बिछान्यात पडून लिहिलं तसं. त्याखाली काही नाही. पेन घ्या. तिच्या निर्णयाबद्दल, माझ्या रागाबद्दल, तुमच्या घरातल्या औषधांबद्दल, यातलं जे पटलं नाही ते तिथे लिहा. मी चुकले असेन तर कुठे चुकले ते लिहा. घडी घाला आणि उद्या सकाळी मल्लूकाका पेपर टाकायला येतील तेव्हा त्यांच्या हातात द्या. त्यांना सांगून ठेवलंय. ते वाचणार नाहीत, नेमके माझ्याकडे आणून देतील.

मी वाट बघते. मला "पण" म्हणणारं आता कोणी नाही.